दोन याद्या जुळत का नाहीत? १८७० ते १९०० मधले अमेरिकी गव्हर्नर आणि त्यांचे वारस

प्रश्न असा आहे: १८७० ते १९०० या काळात अमेरिकेतल्या राज्यांत कोणानंतर कोण गव्हर्नर झाले, याची यादी करताना संदर्भग्रंथ एकमेकांशी जुळत नाहीत. एकात जो गव्हर्नर आहे तो दुसऱ्यात प्रभारी असतो आणि तिसऱ्यात त्याचा पत्ताच नसतो. क्रमांक एकदोनने पुढेमागे होतात, तारखा कधी दिवसाने तर कधी चक्क वर्षभराने सरकतात. मग धरायचे कोणाचे?

पुष्कळदा तिन्ही ग्रंथ आपापल्या जागी बरोबर असतात. एक सांगतो निवडून कोण आले, दुसरा सांगतो खुर्चीत कोण बसले, तिसरा सांगतो घटनेनुसार पद कोणाकडे होते. सुरळीत वर्षांत या तिघांचे उत्तर एकच येते. गव्हर्नर वारला, त्याने राजीनामा दिला किंवा निवडणूक वादात सापडली की उत्तरांची फारकत होते. म्हणून नाव आणि तारीख लिहून थांबू नका. प्रत्येक नावापुढे ‘कोणत्या आधाराने’ असा एक रकाना ठेवा: लोकांनी निवडला, विधिमंडळाने निवडला, रिक्त जागेच्या कलमाने आला, की वारस पात्र ठरेपर्यंत जागेवर राहिला. हा रकाना भरला की बहुतेक विसंगती आपोआप उलगडतात. तो भरता येत नसेल तर ती नोंद अजून पक्की झालेली नाही असे समजा.

इथला गव्हर्नर म्हणजे लोकांनी निवडलेला, सरकार प्रत्यक्ष चालवणारा माणूस. आपल्याकडचा राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल डोळ्यांपुढे ठेवून यादी वाचलीत तर पहिल्याच पानावर गोंधळ होईल. मात्र तसा नेमलेला गव्हर्नर अमेरिकेतही होता, तो ‘टेरिटरी’त, म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशात. मोंटाना, वॉशिंग्टन आणि दोन्ही डाकोटा १८८९ मध्ये राज्ये झाली, आयडाहो आणि वायोमिंग १८९० मध्ये, युटा १८९६ मध्ये. त्याआधीच्या गव्हर्नरांना राष्ट्राध्यक्ष नेमत. त्यांची यादी वेगळी ठेवा. वायोमिंगचा फ्रान्सिस वॉरन दोन्ही याद्यांत येतो, आणि दोन्ही कार्यकाळ एका ओळीत कोंबले की त्याची तारीख हमखास चुकते.

आता कामाला लागू. त्या वर्षी त्या राज्यात लागू असलेली घटना उघडा. आजची उपयोगाची नाही. प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते आणि यादवी युद्धानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत त्यांतल्या कितीतरी नव्याने लिहिल्या गेल्या. पाहायच्या गोष्टी दोनच: लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, हे पद तिथे होते का, आणि गव्हर्नरपद रिकामे झाले तर काय व्हावे याचे कलम नेमके कसे लिहिले आहे.

लेफ्टनंट गव्हर्नर सगळीकडे असतोच असे मनाशी धरून चालणे, ही सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक. न्यू जर्सी, मेन, जॉर्जिया, मेरीलँड, टेनेसी, ओरेगॉन, वायोमिंग या राज्यांत त्या काळी हे पद नव्हते. अलाबामाने ते १८७५ च्या घटनेत रद्द केले आणि १९०१ च्या घटनेत परत आणले. डेलावेअरने १८९७ मध्ये निर्माण केले. न्यू जर्सीने तर थेट एकविसाव्या शतकापर्यंत वाट पाहिली. तिथली पहिली लेफ्टनंट गव्हर्नर २०१० मध्ये पदावर आली. अशा राज्यांत जागा रिकामी झाली की ती सहसा राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाच्या, अध्यक्षाकडे जाई. मेनचा जोसेफ बॉडवेल १५ डिसेंबर १८८७ ला वारला तेव्हा सिनेटचा अध्यक्ष सेबॅस्टियन मार्बल आला. ओरेगॉन आणि वायोमिंगमध्ये मात्र ती ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’कडे, म्हणजे राज्याच्या मुख्य सचिवासारख्या पण निवडून आलेल्या अधिकाऱ्याकडे जाई. ओरेगॉनच्या ला फायेट ग्रोव्हरने १ फेब्रुवारी १८७७ ला राजीनामा दिला आणि स्टीफन चॅडविक आला, तो याच वाटेने.

वारस आला म्हणजे उरलेली मुदत तोच पुरी करणार, हेही गृहीत धरू नका. जॉर्जियात अलेक्झांडर स्टीफन्स ४ मार्च १८८३ ला, पदावर आल्यापासून बरोबर चार महिन्यांनी वारला. सिनेटचा अध्यक्ष जेम्स बॉइंटन आला, पण विशेष निवडणूक होईपर्यंतच. १० मे १८८३ ला हेन्री मॅकडॅनियलने सूत्रे घेतली. मेरीलँडमध्ये तिसराच प्रकार. तिथे उरलेल्या मुदतीसाठी गव्हर्नर निवडायचा अधिकार विधिमंडळाला होता. रॉबर्ट मॅकलेन फ्रान्समध्ये राजदूत म्हणून जायला २७ मार्च १८८५ ला पायउतार झाला, सिनेट अध्यक्ष हेन्री लॉइड आत आला, आणि जानेवारी १८८६ मध्ये विधिमंडळाने त्यालाच रीतसर निवडले. एकच माणूस, मध्ये एका दिवसाचाही खंड नाही, तरी ‘आधार’ बदलला. माझ्या मते इथे दोन ओळी कराव्यात.

दुसरी गोष्ट कलमाच्या भाषेची. काही घटनांत लिहिलेले असे की गव्हर्नर गेला तर लेफ्टनंट गव्हर्नर ‘गव्हर्नर होईल’. इतर अनेक घटनांत एवढेच असे की पदाचे ‘अधिकार आणि कर्तव्ये’ त्याच्याकडे जातील. दुसऱ्या प्रकारात तो माणूस काम सगळे करतो, सहीही करतो, पण मूळ पदावरच राहतो. यादीकाराने त्याला पूर्ण गव्हर्नर मोजावे की प्रभारी म्हणावे, हा सगळा घोळ इथून निघतो. मॅसॅच्युसेट्स हे याचे स्वच्छ उदाहरण आहे. तिथे फ्रेडरिक ग्रीनहॅल्ज ५ मार्च १८९६ ला वारला. लेफ्टनंट गव्हर्नर रॉजर वोलकॉट त्या दिवसापासून प्रभारी होता, आणि नोव्हेंबरची निवडणूक जिंकून जानेवारी १८९७ मध्ये तो स्वतःच्या नावाने गव्हर्नर झाला. क्रमांक त्याला तेव्हापासून मिळतो. कोणी त्याची सुरुवात १८९६ धरतो, कोणी १८९७. दोघांनाही आधार आहे. त्याच राज्यातला थॉमस टॅलबट १८७४ मध्ये प्रभारी होता, त्या वर्षीची निवडणूक हरला, आणि पुढे १८७८ ची जिंकून खरा गव्हर्नर झाला; त्याला एकाच ओळीत बसवायला गेलात तर मधले गव्हर्नर गायब होतील.

राजीनाम्यांना त्या काळी एक ठरावीक हंगाम असे, आणि तो माहीत असला की अर्धे शोधकाम वाचते. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत अमेरिकी सिनेटचे सदस्य राज्यांची विधिमंडळे निवडत, आणि नवी मुदत ४ मार्चला सुरू होई. विधिमंडळ जानेवारीत भरे. गव्हर्नराची त्यावर पकड असेल तर तो स्वतःलाच सिनेटर निवडून घेई आणि मार्चच्या आधी राजीनामा देऊन वॉशिंग्टनची गाडी पकडे. टेक्सासच्या रिचर्ड कोकने तर १ डिसेंबर १८७६ लाच पद सोडले. १ फेब्रुवारी १८७७ ला ओरेगॉनचा ग्रोव्हर आणि आयोवाचा सॅम्युअल कर्कवुड दोघेही गेले. फेब्रुवारी १८७९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा झेब्युलन व्हान्स. फेब्रुवारी १८८३ मध्ये इलिनॉयचा शेल्बी कलम. जानेवारी १८९५ च्या अखेरीस मिनेसोटाचा नूट नेल्सन. इलिनॉयच्या रिचर्ड ओग्लस्बीने हद्दच केली: १३ जानेवारी १८७३ ला शपथ आणि २३ जानेवारीला राजीनामा. मतदारांनी मत ओग्लस्बीला दिले, राज्य चार वर्षे चालवले जॉन बेव्हरिजने, आणि हे ठरूनच झाले होते. तेव्हा एखाद्या विषम वर्षाच्या जानेवारी ते मार्च या काळात दोन नावे दिसली, तर आधी सिनेटर्सची यादी पाहा. थेट राष्ट्राध्यक्षपदावर जाणारे दोन: ओहायोचा रदरफर्ड हेज (२ मार्च १८७७, वारस थॉमस यंग) आणि न्यू यॉर्कचा ग्रोव्हर क्लीव्हलँड (६ जानेवारी १८८५, वारस डेव्हिड हिल). हेजच्या राजीनाम्याला इतका उशीर का, तर तो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला की नाही हेच २ मार्चला पहाटे ठरले.

एक राज्य जवळून पाहू. न्यू जर्सी, १८९८. घटना १८४४ ची. लेफ्टनंट गव्हर्नर नाही. क्रम सिनेट अध्यक्ष, मग असेंब्लीचा, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचा, सभापती. शिवाय गव्हर्नराला लागोपाठ दुसरी मुदत नाही. जॉन ग्रिग्ज अमेरिकेचा ॲटर्नी जनरल होण्यासाठी ३१ जानेवारी १८९८ ला गेला. पहिली ओळ तिथे संपते. दुसरी ओळ: फॉस्टर व्होरहीस, सिनेट अध्यक्ष, प्रभारी, १ फेब्रुवारीपासून. व्होरहीसला शरद ऋतूतली निवडणूक स्वतः लढवायची होती आणि सलग मुदतीच्या बंदीत अडकायचे नव्हते. म्हणून त्याने १८ ऑक्टोबरला सिनेटचाच राजीनामा दिला. गव्हर्नराचे काम त्याच्याकडे सिनेट अध्यक्ष म्हणून आले होते. ते पद सुटल्याबरोबर हेही सुटले. तिसरी ओळ: डेव्हिड वॉटकिन्स, असेंब्लीचा सभापती, प्रभारी, १८ ऑक्टोबर १८९८ ते जानेवारी १८९९ चा मध्य. चौथी ओळ: पुन्हा व्होरहीस, लोकांनी निवडलेला, १७ जानेवारी १८९९ पासून. एका वर्षाच्या आत चार ओळी आणि तीन माणसे. ज्या यादीत फक्त ‘ग्रिग्ज, व्होरहीस’ आहे ती निवडून आलेल्यांची यादी आहे. वॉटकिन्स तिच्यात असणारच नाही. ‘मूळ पद कोणते होते आणि ते सोडले का’ असा आणखी एक रकाना हवा, तो यासाठीच.

हे मूळ पद न सोडण्याचे प्रकरण कुठवर जाते ते डेलावेअरमध्ये दिसते. जोशुआ मार्व्हल जानेवारी १८९५ मध्ये गव्हर्नर झाला आणि ८ एप्रिलला वारला. सिनेटचा सभापती विल्यम वॉटसन याच्याकडे काम आले. विधिमंडळात सिनेटचे ९ आणि हाउसचे, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचे, २१, मिळून ३० सदस्य, आणि त्यांना अमेरिकी सिनेटर निवडायचा होता. मे महिन्यात, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, वॉटसन गव्हर्नराचे काम करत असतानाच सिनेटमध्ये येऊन बसला आणि मतदानात भाग घेतला. हेन्री ड्यू पाँट याला १५ मते मिळाली. वॉटसनला सदस्य धरले तर ३० पैकी १५, म्हणजे बहुमत नाही. तो आता गव्हर्नर आहे, सदस्य नाही असे धरले तर २९ पैकी १५, म्हणजे बहुमत. सगळी मेख त्या एका कलमाच्या अर्थात होती. वॉशिंग्टनच्या सिनेटने वर्षभर घोळवून १८९६ मध्ये अवघ्या एका मताने ड्यू पाँटला नाकारले. पुढच्याच वर्षी डेलावेअरने नव्या घटनेत लेफ्टनंट गव्हर्नर आणला, यात नवल नाही.

लेफ्टनंट गव्हर्नर वर गेला की त्याची जागा बहुधा तशीच रिकामी राही आणि सिनेटचा हंगामी अध्यक्ष ते काम पाही. न्यू यॉर्कमध्ये १८८५ मध्ये हिल वर गेल्यावर डेनिस मॅकार्थीने हेच केले. त्यामुळे लेफ्टनंट गव्हर्नरांच्या यादीत भोके दिसली तर ती चूक समजून भरायला जाऊ नका. इंडियानात मात्र अशाच एका भोकावरून मारामारी झाली. गव्हर्नर आयझॅक ग्रे याला अमेरिकी सिनेटर व्हायचे होते. त्याच्याच पक्षातल्या विरोधकांनी १८८६ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर मॅन्सन याला केंद्रीय नोकरी मिळवून देऊन राजीनामा द्यायला लावला, म्हणजे ग्रे गेला तर जागा भलत्याच्या हाती जाईल आणि तो अडकून पडेल. मग मधल्या मुदतीतच लेफ्टनंट गव्हर्नराची निवडणूक घेण्यात आली आणि ती विरुद्ध पक्षाचा रॉबर्ट रॉबर्टसन जिंकला. २४ फेब्रुवारी १८८७ ला तो सिनेटमध्ये अध्यक्षस्थानी बसायला आला, त्याला ढकलून बाहेर काढले, आणि सभागृहात दंगल उसळली. पिस्तुलाचा बारही निघाला. गव्हर्नरांच्या यादीत या सगळ्याचा मागमूस नाही, तिथे ग्रे निवांत १८८९ पर्यंत बसलेला दिसतो.

पक्षाच्या रकान्याबद्दल एवढेच: वारसाचा पक्ष आधीच्याचाच असेल असे धरून खाली ओढत नेऊ नका. दोन्ही पदांसाठी मते वेगवेगळी पडत. कॅलिफोर्नियाचा वॉशिंग्टन बार्टलेट डेमोक्रॅट होता. तो १२ सप्टेंबर १८८७ ला वारला आणि रिपब्लिकन रॉबर्ट वॉटरमनने जवळजवळ सारी मुदत उपभोगली.

साखळी किती लांबू शकते याचा नमुना हवा असेल तर साउथ कॅरोलायना घ्या. वेड हॅम्प्टन फेब्रुवारी १८७९ मध्ये अमेरिकी सिनेटवर गेला. लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम सिम्प्सन आला. तो १ सप्टेंबर १८८० ला राज्याचा सरन्यायाधीश व्हायला गेला. मग सिनेटचा हंगामी अध्यक्ष थॉमस जीटर तीन महिने, आणि ३० नोव्हेंबर १८८० ला निवडून आलेला जॉन्सन हॅगुड. हॅम्प्टनची सुरुवातही दोन तारखांची आहे. त्याने १४ डिसेंबर १८७६ ला शपथ घेतली, पण डॅनियल चेंबरलेनही स्वतःला गव्हर्नर म्हणवत राज्यगृहात बसला होता, आणि केंद्राच्या फौजा हलल्यावर एप्रिल १८७७ मध्येच त्याने जागा सोडली. हा काळ ‘वादग्रस्त’ अशी खूण करून दोघांच्याही नावावर दाखवावा. एकाची तारीख गुपचूप सरकवून जोड जुळवणे मला पटत नाही.

इथवरचे सोपे होते. खरी कसोटी लागते ती घटनेतल्या एका निरुपद्रवी दिसणाऱ्या वाक्याने: गव्हर्नर ‘आपला वारस निवडला जाऊन पात्र होईपर्यंत’ पदावर राहील. अमुक इतक्या वर्षांची मुदत हे अर्धे वाक्य सगळे वाचतात. उरलेल्या अर्ध्यावर तीन राज्ये एकाच दोन-तीन वर्षांत अडकली.

कनेक्टिकटमध्ये जिंकायला सर्वाधिक मते पुरत नसत, निम्म्याहून अधिक लागत. तेवढी कोणालाच नसतील तर विधिमंडळ निवडे. १८८८ मध्ये लुझॉन मॉरिसला मते जास्त होती, तरी विधिमंडळाने मॉर्गन बल्क्ली याला गव्हर्नर केले. १८९० मध्ये बल्क्ली उभाच नव्हता. मॉरिस पुन्हा पुढे होता आणि निम्म्याच्या अगदी काठावर. बाद मतपत्रिका कोणत्या धरायच्या यावर सिनेट आणि हाउस यांचे जुळेना, कारण एक सभागृह डेमोक्रॅटांचे आणि दुसरे रिपब्लिकनांचे. कोणीच ‘पात्र’ ठरला नाही म्हणून बल्क्ली जानेवारी १८९३ पर्यंत, म्हणजे आणखी एक पुरी मुदत, जागेवर राहिला. मार्च १८९१ मध्ये डेमोक्रॅट हिशेबनिसाने त्याच्या कार्यालयाच्या दाराला कुलूप घातले. बल्क्लीने पहार मागवून ते उघडले, आणि ‘पहारवाला गव्हर्नर’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. तिजोरीतून पैसा मिळेना, तेव्हा तो ज्या एटना आयुर्विमा कंपनीचा अध्यक्ष होता तिने सुमारे ३ लाख डॉलर पुढे केले. शेजारच्या न्यू यॉर्कचा हिल तर त्याला गव्हर्नर मानायलाच तयार नव्हता; आरोपी ताब्यात देण्याच्या मागणीवर बल्क्लीची सही पाहून त्याने ती फेटाळली. १८९२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बल्क्लीच कायदेशीर गव्हर्नर असल्याचे सांगितले. तेव्हा यादीत बल्क्लीच्या दोन ओळी येतात: १८८९ ते १८९१ ‘विधिमंडळाने निवडला’, आणि १८९१ ते १८९३ ‘वारस पात्र न झाल्याने’. मॉरिसची सुरुवात १८९३. त्याला १८९१ पासून दाखवणारी यादी चूक आहे, मतांची बेरीज काहीही असो.

वेस्ट व्हर्जिनियात १८८८ ला नेथन गॉफ शंभराच्या वर थोड्या मतांनी पुढे दिसला. प्रतिस्पर्धी ॲरेटस फ्लेमिंगने आव्हान दिले. ४ मार्च १८८९ ला मुदत संपली तेव्हा गॉफने शपथ घेतली, सिनेट अध्यक्ष रॉबर्ट कार यानेही घेतली, आणि मावळता गव्हर्नर विलिस विल्सन हलायला तयार नव्हता. राज्याच्या न्यायालयाने विल्सनला उचलून धरले: वादाचा निकाल लागेपर्यंत जुनाच. कारचा दावा पडला, कारण जागा रिकामी झालीच नव्हती. शेवटी विधिमंडळाने फ्लेमिंगला निवडले आणि ६ फेब्रुवारी १८९० ला तो आला. म्हणून विल्सनची चार वर्षांची मुदत जवळजवळ पाच वर्षांची दिसते, आणि फ्लेमिंगची तीनचीच.

नेब्रास्काचा घोळ मला सगळ्यांत बोलका वाटतो. १८९० मध्ये डेमोक्रॅट जेम्स बॉइड जिंकला आणि ८ जानेवारी १८९१ ला बसला. मावळता जॉन थेयर न्यायालयात गेला. बॉइड आयर्लंडमध्ये जन्मलेला. लहानपणी बापाबरोबर ओहायोत आला. बापाने नागरिकत्वाचा इरादा नोंदवला होता पण शेवटचे कागद वेळेत पुरे केले नव्हते. म्हणून बॉइड नागरिकच नाही, असा दावा. राज्याच्या न्यायालयाने तो ५ मे १८९१ ला मान्य केला. आता प्रश्न असा की लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस मेजर्स हजर असताना थेयर परत कसा आला? उत्तर त्या अर्ध्या वाक्यात आहे. बॉइड अपात्र असेल तर तो कधी गव्हर्नर झालाच नाही, मग जागा रिकामी कुठे झाली? वारस पात्र झाला नाही, तेव्हा आधीचाच चालू. पुढे १ फेब्रुवारी १८९२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. १८६७ मध्ये नेब्रास्का राज्य झाले तेव्हा बॉइडसारख्या रहिवाशांना नागरिकत्व मिळाले होते असे म्हटले. ८ फेब्रुवारीला बॉइड परतला. या निकालानंतर थेयरचे नऊ महिने कोणाच्या खात्यावर घालायचे? मी ते थेयरच्या नावावरच ठेवीन, कारण त्याने केलेली कामे त्याच्याच सहीची आहेत. पण शेऱ्यात ‘न्यायालयीन आदेशाने, आदेश नंतर रद्द’ एवढे लिहीन.

तारखांसाठी काही रोखठोक नियम. निवडणुकीचे वर्ष आणि मुदतीचे वर्ष मिसळू नका: न्यू यॉर्कमध्ये मुदत १ जानेवारीला सुरू होई, वेस्ट व्हर्जिनियात ४ मार्चला, केंटकीत आधी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास आणि १८९५ पासून डिसेंबरात. मुदतीची लांबीही तपासा. मॅसॅच्युसेट्सची एक वर्ष, न्यू जर्सीची तीन, आणि न्यू यॉर्कने १८९४ नंतर तिनाच्या दोन केल्या. मृत्यू आणि वारसाची शपथ यांत दिवसाचे अंतर असेल, जसे बार्टलेटचे १२ सप्टेंबर आणि वॉटरमनचे १३, तर दोन्ही तारखा आहेत तशा लिहा. अंतर बुजवू नका. तारीख पडताळायची तर राज्याचे अधिकृत वार्षिक हस्तपुस्तक ही सुरुवात, पुरावा नव्हे, कारण ते नंतरच्या कारकुनाने एका साच्यात बसवलेले असते. पुरावा म्हणजे शपथपत्र, दोन्ही सभागृहांची कार्यवृत्ते, जाहीरनाम्यांवरच्या सह्या आणि न्यायालयाचे निकाल. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रे डिजिटल स्वरूपात मोफत ठेवली आहेत. शपथेच्या दुसऱ्या दिवशीचा स्थानिक अंक पाहिला की बहुतेक शंका मिटतात. क्रमांकांचे दोन रकाने करा, एक राज्य सांगते तो आणि एक तुमच्या साखळीतला. ओग्लस्बीला इलिनॉय तीन वेगवेगळे क्रमांक देते, कारण तो तीनदा आला. प्रत्येक राज्य असे मोजत नाही.

वायोमिंगमध्ये शपथेची तारीखही पुरत नाही. वॉरन २४ नोव्हेंबर १८९० ला अमेरिकी सिनेटवर गेला आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट एमॉस बार्बर दोन वर्षे प्रभारी राहिला. १८९२ ची निवडणूक जॉन ऑसबोर्न जिंकला. अधिकृत मतमोजणी पुरी व्हायच्या आधीच, २ डिसेंबरला, त्याने शपथ घेऊन कार्यालयाचा ताबा घेतला. बार्बरने ते मानले नाही. ग्राह्य धरली जाते ती तारीख २ जानेवारी १८९३.

राहिले केंटकी. १८९९ मध्ये रिपब्लिकन विल्यम टेलरला २,३८३ मतांची आघाडी मिळाली आणि १२ डिसेंबरला तो बसला. त्याचा डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी विल्यम गोबेल याने विधिमंडळात आव्हान दिले. ३० जानेवारी १९०० ला फ्रँकफर्टमध्ये राज्यगृहाच्या आवारात गोबेलला गोळी लागली. विधिमंडळातल्या डेमोक्रॅटांनी त्याला विजयी ठरवले, ३१ ला मरणाच्या दारात पडलेल्या गोबेलला शपथ दिली, आणि ३ फेब्रुवारीला तो गेला. पदावर असताना खून झालेला अमेरिकी राज्याचा तो एकमेव गव्हर्नर. लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून त्याच्याबरोबर विजयी ठरवलेला तीस वर्षांचा क्रेप्स बेकहॅम त्याच्या जागी आला. टेलर मात्र हटला नाही. काही महिने राज्यात दोन सरकारे होती. २१ मे १९०० ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला, म्हणजे विधिमंडळाचा निर्णय टिकला, आणि टेलर इंडियानात पळाला. यादीत टेलर ३१ जानेवारीला संपतो, मेमध्ये नाही. मग गोबेलची तीन-चार दिवसांची ओळ, आधार ‘विधिमंडळाचा निर्णय’. मग बेकहॅमच्या तीन: ३ फेब्रुवारी १९०० पासून रिक्त जागेच्या कलमाने, नोव्हेंबर १९०० च्या विशेष निवडणुकीनंतर उरलेल्या मुदतीसाठी, आणि १९०३ च्या निवडणुकीनंतर पूर्ण मुदतीसाठी. केंटकीतही सलग दोन मुदतींना बंदी होती. बेकहॅमला १९०३ मध्ये उभे राहता आले, कारण न्यायालयाने त्याच्या आधीच्या दोन ओळींना पूर्ण मुदत मानले नाही.